हिरव्या पावडरीतून पान ओळखताना: फार्मसीच्या विद्यार्थ्याने जीवशास्त्र आणि वनस्पतिरचना कशी शिकावी

प्रॅक्टिकलच्या टेबलावर तीन बाटल्या आहेत. तिन्हींत हिरवट-करडी पावडर. एकीत बेलाडोनाची पानं दळलेली, दुसरीत स्ट्रॅमोनियमची, तिसरीत हायोसायमसची. तिन्ही वनस्पती सोलानेसी कुळातल्या आणि तिन्हींत ट्रोपेन गटातलीच अल्कलॉइड्स (वनस्पतीतली नायट्रोजनयुक्त, शरीरावर तीव्र परिणाम करणारी द्रव्यं), त्यामुळे व्हिटाली चाचणी तिन्ही बाटल्यांना जांभळा रंग देते. रंग, वास, रासायनिक चाचणी, काहीच त्यांना वेगळं करत नाही. मग चिमूटभर पावडर क्लोरल हायड्रेटमध्ये, म्हणजे ऊती पारदर्शक करणाऱ्या द्रावणात, उकळून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की उत्तर समोर येतं. बेलाडोनात काही पेशी वाळू भरल्यासारख्या बारीक स्फटिकांनी गच्च असतात. स्ट्रॅमोनियममध्ये ते स्फटिक फुलासारख्या गुच्छांत दिसतात. हायोसायमसमध्ये सुटे किंवा जोडीने असलेले लोलकाच्या आकाराचे स्फटिक सापडतात.

फार्मसीच्या विद्यार्थ्याला वनस्पतींची रचना शिकायची आहे ती या कामासाठी. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी झाड कसं वाढतं ते समजून घेतो. तुमच्या हातात मात्र झाड बहुतेक वेळा येतच नाही. येते वाळलेली साल, मोडकी पानं किंवा पावडर. तेव्हा प्रत्येक ऊती, प्रत्येक पेशी वाचताना दोन प्रश्न सोबत ठेवा. औषधी द्रव्य यात नेमकं कुठे साठलं आहे? आणि हे सगळं दळलं तर यातला कोणता तुकडा ओळख पटवेल? पुढे जे सांगतो आहे ते सगळं या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

आधी पेशी, पण औषधाच्या बाजूने

जीवशास्त्र सुटून दोन-तीन वर्षं झाली असतील किंवा गणित घेऊन इथवर आला असाल, तर पहिला आठवडा फक्त पेशीला द्या. एका पूर्ण कागदावर स्वतःच्या हाताने पेशीची आकृती काढा. छापील आकृती चिकटवू नका, कारण हाताने काढताना काय आठवत नाही ते लगेच कळतं. मग प्रत्येक भागासमोर दोन ओळी लिहा: हा भाग काय करतो, आणि कोणतं औषध याच्याशी संबंधित आहे. दुसरी ओळ लिहायला लागलात की पाठांतराचा कंटाळा आपोआप कमी होतो.

उदाहरणार्थ पेशीभित्तिका. जिवाणूंची भित्तिका पेप्टिडोग्लायकॅनची असते आणि पेनिसिलिन तिची वीण पूर्ण होऊ देत नाही. माणसाच्या पेशीला भित्तिकाच नाही, म्हणून आपल्या पेशींत पेनिसिलिनला मारा करायला जागा नाही. पेशीपटलाचंही तसंच. आपल्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल. अ‍ॅम्फोटेरिसिन बी एर्गोस्टेरॉलला धरतं, तर अझोल गटातली औषधं ते तयारच होऊ देत नाहीत. रायबोसोम जिवाणूंत ७०एस आणि आपल्या पेशीद्रव्यात ८०एस. टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं याच फरकावर चालतात. तंतुकणिकांमधले रायबोसोम मात्र जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते असतात, आणि लिनेझोलिड दीर्घकाळ दिल्यावर दिसणाऱ्या काही दुष्परिणामांमागे हे साम्य आहे. पहिल्या वर्षी शिकलेली पेशी पुढे औषधशास्त्रात अशी परत परत भेटते.

पेशीविभाजनाच्या अवस्था पाठ करताना सूक्ष्मनलिकांवर थांबा. गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागे सूक्ष्मनलिकांचे बनतात, आणि त्यांवर काम करणारी तीन मोठी द्रव्यं वनस्पतींतूनच आली. कोल्चिकमची कोल्चिसीन आणि सदाफुलीची व्हिंक्रिस्टीन सूक्ष्मनलिका जुळू देत नाहीत. टॅक्सस झाडाच्या सालीत प्रथम सापडलेली पॅक्लिटॅक्सेल उलटं करते: जुळलेल्या नलिका सुटू देत नाही. परिणाम एकच, विभाजन अडतं. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड बघताना ही तीन नावं मनात असली तर मध्यावस्था विसरणं अवघड आहे.

यानंतर वनस्पतीच्या पेशीतल्या तीन खास गोष्टींकडे या: भित्तिका, लवकं आणि रिक्तिका. रिक्तिका म्हणजे नुसती पाण्याची पिशवी असं समजून बरेच जण पुढे जातात, आणि तिथेच मोठी गोष्ट सुटते. अल्कलॉइड्स, ग्लायकोसाइड्स, टॅनिन्स यांचा साठा बहुतांशी रिक्तिकेत असतो, आणि त्यांना तोडणारी विकरं पेशीच्या किंवा ऊतीच्या दुसऱ्या कप्प्यात असतात. पान किंवा बी चिरडली की कप्पे फुटतात आणि दोन्ही एकत्र येतात. मोहरीचं बी कोरडं असताना तिखट वास देत नाही. पाणी घालून वाटलं की सिनिग्रिनवर मायरोसिनेज काम करतं आणि डोळ्यांत पाणी आणणारं तेल तयार होतं. कडू बदामात अमिग्डालिन असंच फुटतं आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल निघतं. डिजिटॅलिसची पानं तोडल्यावर ताबडतोब, ६० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमान न होऊ देता, भराभर वाळवतात आणि पुढे कोरडी ठेवतात, त्याचं कारणही हेच. ओलावा राहिला तर विकरं हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइड्स तोडत राहतात. वाळवण्याचे आणि साठवण्याचे नियम पेशीच्या या कप्प्यांतून आलेले आहेत, ते वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

चार पदार्थ आणि त्यांचे रंग

१६६५ साली रॉबर्ट हुक यांनी बुचाचा पातळ काप भिंगाखाली पाहिला आणि त्यातल्या रिकाम्या खोल्यांना पेशी हे नाव दिलं. त्यांनी पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंती, आणि त्या भिंतींत सुबेरिन होतं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण क्रूड ड्रग, म्हणजे वाळवलेला कच्चा औषधी भाग, तपासताना आपणही बहुतेक वेळा भिंतीच बघत असतो. आतलं जिवंत द्रव्य वाळताना गेलेलं असतं. टिकते ती भिंत आणि काही साठे.

भिंत चार पदार्थांनी ओळखा. सेल्युलोज सगळीकडे असतं. लिग्निन भिंतीला कडक करतं आणि ते जलवाहिन्या, तंतू आणि दृढपेशींत आढळतं. क्युटिन पानाच्या बाहेरच्या बाजूला पातळ आवरण म्हणून असतं. सुबेरिन बुचात असतं आणि पाणी अडवतं.

आता भिंतीचे आणि साठ्यांचे रंग. फ्लोरोग्लुसिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल दिल्यावर लिग्निन लाल-गुलाबी होतं. सुदान रेड दिल्यावर क्युटिन, सुबेरिन आणि तेलाचे थेंब नारिंगी-लाल होतात. आयोडीन स्टार्चला निळं-काळं करतं. रुथेनियम रेड म्युसिलेजला, म्हणजे वनस्पतीतल्या बुळबुळीत द्रव्याला, गुलाबी करतं. फेरिक क्लोराइडने टॅनिन असलेल्या पेशी निळ्या-काळ्या किंवा हिरवट-काळ्या दिसतात. स्फटिकांसाठी वेगळी युक्ती आहे: कॅल्शियम ऑक्झलेट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडबुडे न येता विरघळतं, कॅल्शियम कार्बोनेट असेल तर बुडबुडे येतात. अडुळशाच्या पानात कार्बोनेटचे सिस्टोलिथ असतात, त्यांवर आम्लाचा थेंब सोडून बघा. बुडबुडे डोळ्यांनी एकदा पाहिले की हा फरक वहीत शोधावा लागत नाही.

हे रंग एका लहान कार्डावर लिहून सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवा. दोन-तीन प्रॅक्टिकलनंतर त्या कार्डाची गरज पडणार नाही.

ऊती थोडक्यात

ऊतींवर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात, असं माझं मत आहे. काम लक्षात ठेवा, आकार आपोआप आठवेल. पॅरेन्कायमा साठवतं, म्हणून पेशी मोठ्या, भिंत पातळ आणि आत स्टार्च किंवा तेल. कोलेन्कायमा वाढत्या भागाला आधार देतं, म्हणून पेशींचे कोपरे सेल्युलोजने जाड. स्क्लेरेन्कायमा कायमचा आधार देतं, म्हणून लिग्निनने कडक. लांब असेल तर तंतू, आखूड असेल तर दृढपेशी. झायलेम पाणी वाहतं आणि त्याच्या नळ्यांवरची जाडी वर्तुळाकार, मळसूत्री, शिडीसारखी, जाळीदार किंवा खाचांची असते. पावडरीत या नळ्यांचे तुकडे सहज दिसतात. फ्लोएम अन्न वाहतं. त्याच्या पेशी पावडरीत क्वचितच ओळखू येतात, त्यातले तंतू मात्र येतात.

एका व्याख्येवर मात्र थांबा. व्यापारात आणि फार्माकॉग्नसीत, म्हणजे नैसर्गिक औषधी द्रव्यांच्या अभ्यासात, साल म्हणजे एधेच्या, म्हणजे कॅम्बियमच्या बाहेरचं सगळं. झायलेम एधेच्या आतल्या बाजूला असतं. म्हणून सालीच्या पावडरीत जलवाहिन्यांचे तुकडे भरपूर दिसले तर लाकूड मिसळलेलं आहे. ही एक ओळ समजली की सालीच्या अर्ध्या व्हायवाची तयारी झाली.

पानावर सर्वांत जास्त वेळ द्या

पान नीट आलं की बाकीचे अवयव सोपे जातात, कारण पानात ओळखीच्या खुणा सर्वांत जास्त असतात. छेदाची आकृती दोन भागांत काढा: पातळ पाते आणि मध्यशीर. पात्यात वरची बाह्यत्वचा, तिच्याखाली खांबासारख्या पेशींचा पॅलिसेड थर, मग सैल स्पाँजी थर, आणि खाली बाह्यत्वचा. पॅलिसेड फक्त वर असेल तर पान पृष्ठाधर प्रकारचं. दोन्ही बाजूंना असेल तर समद्विपार्श्व. सोनामुखीचं पान समद्विपार्श्व आहे. डिजिटॅलिस, बेलाडोना पृष्ठाधर.

आता पर्णरंध्रं, म्हणजे स्टोमाटा. त्यांचे चार मुख्य प्रकार शेजारच्या पेशींवरून ठरतात. शेजारच्या पेशी इतर पेशींसारख्याच असतील तर अ‍ॅनोमोसायटिक, जसं डिजिटॅलिसमध्ये. तीन शेजारपेशी आणि त्यातली एक लहान असेल तर अ‍ॅनिसोसायटिक, जसं बेलाडोनात. दोन शेजारपेशी रंध्राला समांतर असतील तर पॅरासायटिक, जसं सोनामुखीत. दोन शेजारपेशी रंध्राला काटकोनात असतील तर डायासायटिक, जसं अडुळसा आणि पुदिन्यात. पाठ करताना नाव आणि उदाहरण कधीच वेगळं करू नका. आणि पावडरीत रंध्रं बघायची तर बाह्यत्वचेचा तुकडा वरून दिसायला हवा. आडवा छेद घेतल्यावर प्रकार ओळखता येत नाही. बरेच विद्यार्थी छेदात तासभर रंध्राचा प्रकार शोधत बसतात, त्यासाठी हे मुद्दाम सांगतो.

केस, म्हणजे ट्रायकोम, दोन गटांत पाहा: आच्छादक आणि ग्रंथियुक्त. सोनामुखीचे केस एकपेशीय, जाड भिंतीचे, खडबडीत, टोकदार आणि थोडे वाकलेले. डिजिटॅलिसचे आच्छादक केस अनेक पेशींचे, एका ओळीत, आणि मधल्या काही पेशी चपटून गेलेल्या. पुदिन्याच्या कुळात ग्रंथींचं डोकं साधारण आठ पेशींचं असतं आणि बाष्पशील तेल क्युटिकलखाली फुगलेल्या जागेत साठतं. तेल इतकं पृष्ठभागावर असल्यामुळे अशी पानं चुरगळली किंवा उघडी ठेवली की वास लवकर जातो.

डिजिटॅलिसचं उदाहरण पूर्ण करतो, कारण त्यात काय नाही हेच महत्त्वाचं आहे. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली जलोदरात या पानाच्या उपयोगाची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून हे पान फार काटेकोरपणे ओळखावं लागलं. उपचाराची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं आहे. डिजिटॅलिसच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक नसतात आणि तंतूही नसतात. तेव्हा डिजिटॅलिस म्हणून आलेल्या पावडरीत स्फटिक किंवा तंतू दिसले तर भेसळ आहे असं समजून पुढे शोधा. फांद्या फुटलेले, दीपमाळेसारखे केस दिसले तर संशय व्हर्बॅस्कमच्या पानावर जातो. एखादी गोष्ट नसणं ही सुद्धा खूण असते, हे ज्याला कळलं त्याची तपासणी निम्म्या वेळात होते.

सोनामुखीत याउलट खुणा भरपूर: मध्यशिरेतल्या तंतूंच्या बाजूला लोलकाकार स्फटिकांच्या पेशींची रांग, आणि पात्यात गुच्छ स्फटिक. पण सोनामुखीचे दोन व्यापारी प्रकार, तिन्नेवेली आणि अलेक्झांड्रियन, एकमेकांपासून वेगळे करायचे झाले तर मोजणी लागते. इथे पर्णरंध्र निर्देशांक कामाला येतो. ठरावीक जागेतल्या रंध्रांची संख्या भागिले रंध्रं अधिक बाह्यत्वचेच्या पेशी, गुणिले १००. समजा दृष्टिक्षेत्रात १८ रंध्रं आणि ८२ पेशी मोजल्या, तर १८ भागिले १००, गुणिले १००, म्हणजे निर्देशांक १८. तिन्नेवेलीचा निर्देशांक साधारण १७.१ ते २०.० आणि अलेक्झांड्रियनचा ११.४ ते १३.० असतो, म्हणजे हे पान तिन्नेवेलीचं. निर्देशांक पान लहान-मोठं असण्यावर फारसा अवलंबून नसतो, म्हणून तो नुसत्या रंध्रसंख्येपेक्षा भरवशाचा. पेशी मोजताना दृष्टिक्षेत्राच्या कडेवरच्या अर्ध्या पेशींचा एक नियम ठरवून घ्या, उदाहरणार्थ वरच्या आणि डाव्या कडेवरच्या मोजायच्या, बाकीच्या सोडायच्या, आणि तो शेवटपर्यंत बदलू नका. निदान दहा ठिकाणी मोजून सरासरी काढा.

साल, मूळ, कंद, फळ, बी

या सगळ्यांसाठी एक-एक ठळक खूण धरून सुरुवात करा, बाकीचं वर्णन तिच्याभोवती रचा.

सिंकोनाच्या सालीत फ्लोएमचे तंतू चातीसारखे, जाड थरदार भिंतीचे आणि सुटे-सुटे असतात. १८२० साली पेलेटिए आणि काव्हांतू यांनी याच सालीतून क्विनीन वेगळी केली. सिलोन दालचिनीची वरची साल खरवडून काढलेली असते, म्हणून बूच जवळपास नसतं; कॅसियात, म्हणजे चिनी दालचिनीत, ते दिसतं. आल्यात मोठे, चपटे, पिशवीसारखे स्टार्चचे कण असतात आणि जलवाहिन्या फ्लोरोग्लुसिनॉलने फारशा लाल होत नाहीत, ही त्याची विशेष खूण. सर्पगंधेच्या मुळात दृढपेशी नसतात. त्या दिसल्या तर रौवोल्फियाची, म्हणजे सर्पगंधेच्याच प्रजातीतली, दुसरी जात मिसळली असण्याची शक्यता. बडीशेपेच्या एका अर्धफळात तेलाच्या सहा नळ्या, चार बाहेरच्या बाजूला आणि दोन आतल्या. नक्स व्होमिकाच्या (कुचल्याच्या) बियांवरचे केस लिग्निनयुक्त आणि एकाच दिशेने वळलेले, त्यामुळे बी रेशमी दिसतं.

लवंग जरा सावकाश पाहा. लवंग म्हणजे फुलाची कळी, आणि खऱ्या कळीत स्टार्च नसतं. आयोडीनने पावडर निळी झाली तर लवंगेची पिकलेली फळं मिसळली आहेत. दृढपेशी दिसल्या तर देठ मिसळले आहेत. एक थेंब आयोडीन आणि थोडं फ्लोरोग्लुसिनॉल, एवढ्यात दोन भेसळींचा निकाल लागतो. रचना शिकण्याचं मोल इतकं थेट फार थोड्या ठिकाणी दिसतं.

आणि कोरफड. एकाच पानातून दोन वेगळी औषधं निघतात. बाह्यत्वचेखाली, वाहक पूलांजवळच्या (झायलेम-फ्लोएमच्या जुड्यांजवळच्या) पेशींतून निघणारा कडू पिवळा रस रेचक असतो, त्यात अलोइन असतं. मधल्या पारदर्शक पॅरेन्कायमातून मिळतो तो गर, म्युसिलेजचा, त्वचेला लावायचा. कापताना कोणती ऊती हाताशी आली यावर कोणतं औषध मिळालं ते ठरतं. औषध कुठे साठलं आहे हा प्रश्न सुरुवातीला का विचारायला सांगितला, ते इथे स्पष्ट होईल.

छेद आणि स्लाइड

वाळलेलं मूळ किंवा साल आदल्या रात्री पाण्यात भिजवा किंवा थोडं उकळा. पानाचा तुकडा बटाट्याच्या किंवा गाजराच्या चिरेत धरा. नवीन ब्लेड घ्या, ते आणि तुकडा दोन्ही ओले ठेवा, आणि ब्लेड स्वतःकडे एका सलग ओढीत आणा. करवतीसारखं मागेपुढे करू नका. पंधरा-वीस काप पाण्यात सोडा आणि त्यातले सर्वांत पारदर्शक ब्रशने उचला. पूर्ण गोल पण जाड काप घेण्यापेक्षा अर्धाच पण पातळ काप घ्या. परीक्षेत बहुतेकांचे गुण इथेच जातात, हाताची घाई झाल्यामुळे.

पावडरीसाठी नेहमी वेगवेगळ्या स्लाइड्स करा. पहिली पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये, स्टार्चसाठी. दुसरी क्लोरल हायड्रेटमध्ये, हळू तापवून. ते क्लोरोफिल आणि इतर साठे विरघळवतं आणि भिंती, केस, स्फटिक स्वच्छ दिसतात. पण क्लोरल हायड्रेट स्टार्चही फुगवून नाहीसं करतं. त्याच स्लाइडवर स्टार्च शोधत बसू नका आणि 'स्टार्च अनुपस्थित' असंही लिहू नका. ही चूक मी विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. तापवताना स्लाइड ज्योतीवरून पुढेमागे फिरवा, उकळी जोरात येऊ देऊ नका, आणि शेवटी ग्लिसरीनचा थेंब घाला, म्हणजे गार झाल्यावर क्लोरल हायड्रेटचे स्वतःचे स्फटिक बनत नाहीत. नाहीतर तेच कॅल्शियम ऑक्झलेट म्हणून वहीत उतरतात.

तिसरी स्लाइड लिग्निनसाठी. फ्लोरोग्लुसिनॉलच्या अल्कोहोलमधल्या द्रावणाचे एक-दोन थेंब टाका, जवळपास वाळू द्या, मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब, आणि कव्हरस्लिप. आम्लाच्या वाफा भिंगाचं नुकसान करतात, म्हणून कडेला आलेलं आम्ल टिपून मगच स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि काम संपल्यावर लगेच काढा. कोणतीही क्रूड ड्रग चाखून ओळखायचा मोह टाळा. अ‍ॅकोनाइट, नक्स व्होमिका, बेलाडोना ही सगळी घातक विषं आहेत.

बघताना आधी कमी वर्धनावर स्लाइडचा पूर्ण पट्टा फिरा, मग उच्च वर्धन. दिसलेला प्रत्येक तुकडा लगेच पेन्सिलने काढा. पुस्तकात हवा तसा नव्हे, दिसला तसा.

मोजमाप

स्टार्च कण मोजणं एकदा मनापासून शिका. स्टेज मायक्रोमीटरवर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. आयपीसमधल्या पट्टीचे किती भाग त्यावर जुळतात ते पाहा. समजा आयपीसचे ४० भाग स्टेजच्या १० भागांवर, म्हणजे १०० मायक्रॉनवर बसले. तर आयपीसचा एक भाग २.५ मायक्रॉन. वस्तुभिंग बदललं की हा आकडा बदलतो, म्हणून प्रत्येक भिंगासाठी वेगळा काढून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

मग चार स्टार्च शेजारी-शेजारी मोजा. बटाट्याचे कण मोठे, १०० मायक्रॉनपर्यंत जाणारे, आणि त्यांची नाभी, म्हणजे कणाचे थर ज्या बिंदूभोवती रचलेले असतात तो, एका टोकाला. तांदळाचे अगदी लहान, बहुतेक १० मायक्रॉनच्या आत, कोनेदार आणि पुंजक्यात. मक्याचे बहुकोनी, मध्ये फट. गव्हाचे दोन आकारांचे, मोठे भिंगासारखे चपटे आणि लहान गोल. स्टार्च टॅबलेटमध्ये बंधक आणि विघटक म्हणून वापरतात, तेव्हा ही ओळख फक्त पहिल्या वर्षापुरती नाही.

नाव, कुळ, भाग, द्रव्य, जागा

प्रत्येक ड्रगसाठी एक कार्ड करा आणि त्यावर पाचच गोष्टी लिहा: शास्त्रीय नाव, कुळ, वापरायचा भाग, मुख्य द्रव्य, आणि ते द्रव्य कुठल्या ऊतीत. पाचवी गोष्ट बहुतेक नोट्समध्ये नसते, म्हणून ती स्वतः शोधावी लागते. अफूसाठी लिहाल: पापाव्हर सोम्निफेरम, पापाव्हरेसी, कच्च्या बोंडाचा सुकवलेला चीक, मॉर्फिन, बोंडाच्या भिंतीतल्या चीकवाहिन्या. म्हणूनच बोंडाला बाहेरून उथळ चिरा देतात; खोल गेल्यास चीक आत वाहून जातो.

कुळ शिकताना कुळाच्या खुणा शिका, म्हणजे एकेका झाडाचं ओझं कमी होतं. सोलानेसीत अ‍ॅनिसोसायटिक रंध्रं, लॅमिएसीत (पुदिन्याच्या कुळात) डायासायटिक रंध्रं आणि तेलग्रंथी, एपिएसीत (बडीशेपेच्या कुळात) फळांमधल्या तेलनळ्या.

सहा आठवडे असे वापरा

पहिल्या आठवड्यात पेशी आणि विभाजन, औषधांच्या नावांसकट. दुसऱ्यात भिंतीचे पदार्थ आणि रंग. मिळेल तेवढा वेळ प्रयोगशाळेत. तिसरा आणि चौथा आठवडा पूर्ण पानाला. रोज एक छेद, रोज एक पावडर, आणि दर दोन दिवसांनी एक निर्देशांक. पाचव्यात साल, मूळ आणि कंद. सहाव्यात फळं, बिया आणि स्टार्चचं मोजमाप. वाचन रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. हा विषय डोळ्यांनी आणि हाताने येतो; नुसतं वाचून आलेला सूक्ष्मदर्शकापाशी बसल्यावर टिकत नाही.

सहावा आठवडा संपताना मित्राला सांगा की आठ-दहा ओळखीच्या पावडरींतून एक निवडून बिननावाच्या पुडीत बांधून दे. जमलं तर दोन मिसळून. तीन स्लाइड्स करा. दिसलेल्या प्रत्येक तुकड्याची आकृती, रंगचाचणीचा निकाल आणि मोजमाप लिहा. जे अपेक्षित होतं पण दिसलं नाही तेही लिहा. खाली नाव लिहून मगच पुडी कशाची होती ते विचारा. नाव चुकलं असेल तर नवी स्लाइड करू नका. तीच परत लावा आणि नजरेतून निसटलेली खूण त्याच काचेवर शोधा.